तिसरी आवणी

शनिवार, दिनांक २६ जुलै १९६९. सकाळचे आठ. पार नदीची मोजपट्टीवरील पातळी सहा मीटर चाळीस सेंटिमीटर, पाणी चढते. पलीकडच्या तीरावर माणसे : एक.

यांतला शेवटचा आकडा माझ्या कामाचा नव्हता, तरी तो पहिल्या आकड्याइतकाच मला आजही स्पष्ट आठवतो.

"धाकल, पलीकडे कोणीतरी उभे आहे," मी म्हणालो.

"दिसतंय."

धाकल भोये हा आमच्या जलमापन केंद्रावरचा पावसाळी खलाशी. पंचेचाळिशीचा, सुकलेल्या सागासारखा कडक माणूस. बोलणे मोजके, आणि जे बोलेल ते तिरके. धुळ्याच्या तंत्रनिकेतनातून स्थापत्याची पदविका घेऊन मी सुरगाण्याच्या त्या डोंगरांत ओव्हरसियर म्हणून आलो, त्याला दोन वर्षे झाली होती. केंद्र म्हणजे पत्र्याची एक खोली, पाण्यात उतरत गेलेल्या मोजपट्ट्या आणि नदीच्या आरपार ताणलेला जाड तारदोर. त्या दोराला एक लोखंडी पाळणा टांगलेला असे. पाळण्यात बसून नदीच्या मध्यावर जायचे, शिशाचा मासा, म्हणजे माशाच्या आकाराचे वजन, बांधलेले यंत्र पाण्यात सोडायचे आणि प्रवाहाचा वेग मोजायचा, हे माझे काम. तीरावरची चरखी फिरवून पाळणा पुढे-मागे नेणे, हे धाकलचे.

धुके होते. मी लेव्हल या मापनयंत्राची दुर्बीण तिवईवर बसवून पलीकडे रोखली. त्या काळच्या दुर्बिणींत दृश्य उलटे दिसत असे. आभाळाकडे पाय करून, पानांचे इरले खाली लोंबवून एक तरुण उभा होता आणि दोन्ही हात हालवत होता.

"तुझा जावई दिसतो. उलटा दिसतो आहे, पण तोच."

"तो सरळ कव्हा होता, सायेब?" धाकल म्हणाला. मग थोडे थांबून, "आन् जावई नाय अजून. ते आज सांजच्याला ठरंल."

येवाजी गावित. नदीपलीकडच्या सादडविहिरीचा. धाकलच्या जिवलीशी त्याचे लग्न ठरले होते. पण मुलीच्या बापाला द्यायचे देज त्याच्या घरात नव्हते. असा मुलगा त्या कोकणा आदिवासी वस्त्यांत सासऱ्याच्या घरी राहून राबत असे आणि अंगमेहनतीने देज फेडत असे. धाकलच्या मोहपाड्यात ही सेवा महिन्यांत मोजत नसत, आवण्यांत मोजत. जाळून तयार केलेल्या राबात भाताची रोपे, म्हणजे आवण, वाढवायची, ती उपटून चिखलाच्या खाचरांत लावायची, ती आवणी. अशा तीन आवण्या. प्रत्येक वर्षी शेवटच्या खाचरातली शेवटची मूठ त्या मुलाने पाड्याच्या कारभाऱ्यासमोर लावायची. ती दुसऱ्या कुणी लावली, तर वर्षभर केलेले सगळे काम वाया जाई. ती आवणी धरत नसत.

येवाजीच्या दोन झाल्या होत्या. तिसरी त्या दिवशी होती. आईचा ताप वाढला म्हणून तो एका रात्रीपुरता नदी ओलांडून गेला आणि मागोमाग पूर आला. डोंगी वाहून गेली. पूल होता तो धरमपूरच्या वाटेवर. तिथून वळसा घालून यायचे तर दुसरा दिवस उजाडला असता.

"एक दिवस थांबता येणार नाही का?" मी विचारले.

"सावडीचं काम हाय. आज सगळा पाडा माझ्या खाचरात, उद्या महाल्यांच्या. आवण उपटून झालंय. मुळं उघडी पडल्यावर आवण थांबत नाय, सायेब. पोरी थांबत नाहीत तसं."

"आणि आज मूठ लागली नाही तर?"

"तर आणखी एक पावसाळा." धाकलने विडी पेटवायचा प्रयत्न केला, काडी ओली होती. "त्याची आई एकटी हाय. तो आणखी एक पावसाळा राहायचा नाय. आन् धरमपूरकडनं एक जण येऊन गेलाय. रोख देज घेऊन बसलाय. माझे भाऊ म्हणतात, देऊन टाक पोर."

"तू काय म्हणतोस?"

"मी खलाशी. मी काय म्हणणार?"

त्याच्या चेहऱ्यावरून मला काहीच वाचता आले नाही. येवाजी बिनपैशाचा गडी होता आणि चांगला राबत होता. त्याची एक आवणी बुडाली तर नुकसान धाकलचे नव्हते. असा हिशेब मी मनात मांडला आणि तो मला बरोबरही वाटला.

माझा स्वतःचा हिशेब वेगळा होता. मोठ्या पुराचा विसर्ग प्रत्यक्ष मोजून मिळणे ही दुर्मीळ गोष्ट. गेल्या पावसाळ्यात एकदा चरखी बिघडली होती, एकदा पूर रात्री येऊन गेला होता. आज नदी माझ्यासमोर दिवसाढवळ्या चढत होती. दुपारपर्यंत ती शिखर गाठील असा माझा अंदाज होता. नऊला काम सुरू केले असते तर शिखर हाती लागले असते. नदीचा रंग कात घातलेल्या पाण्यासारखा तांबडा झाला होता. तिच्या आवाजाखाली दुसरा कोणताही आवाज टिकत नव्हता; चार हातांवरच्या माणसाशीही ओरडून बोलावे लागे. तो आवाज आणि ओल्या कारवीचा वास, एवढे मला अजून कुठेही, कधीही, आठवता येते.

यंत्राला मासा बांधत होतो, तेवढ्यात जिवली आली. गुडघ्यापर्यंत चिखल, लुगड्याचा काचा, हातात फडक्यात बांधलेली नागलीची भाकर आणि वास्त्याची, म्हणजे बांबूच्या कोंबांची, भाजी. बापाची भाकर आणल्याचे निमित्त होते. नजर पलीकडे होती.

"आला व्हय?"

"आलाय," धाकल म्हणाला. "हात हालवतोय. बगळे उडवायला बरा हाय."

तिने बापाकडे पाहिलेसुद्धा नाही. ती सरळ माझ्यापुढे येऊन उभी राहिली.

"सायेब, पाळणा सोडा."

"पाळण्यात निरीक्षकाशिवाय कोणालाही बसवायचे नाही, असा नियम आहे, जिवली."

"तुमचं लगीन झालं?"

"नाही."

"मंग तुमाला काय सांगायचं!" तिने भाकरीचे गाठोडे दगडावर ठेवले. माशाकडे बोट केले. "हा शिशाचा मासा. ह्याला नदीवर जायला परवानगी हाय?"

"तो उपकरणाचा भाग आहे."

"ह्याला काय, कुणी वाट बघतंय पलीकडं?"

मी हसलो नाही, पण हातातले काम थांबले. नियमामागचे कारण मला ठाऊक होते. पाळणा रिकामा असला तर सहज जातो. भार आला की तारदोराला झोळ पडतो. मध्यापर्यंत पाळणा आपोआप उतरतो आणि मध्यापासून तीरापर्यंत तो चढावर ओढावा लागतो. पुरात वाहत येणारी झाडे त्या झोळाला अडकू शकतात. येवाजी जिवंत आला नाही, तर ती केवळ नियमभंगाची बाब राहणार नव्हती. दुसरीकडे, दोर त्या उन्हाळ्यात मी स्वतः तपासला होता. त्याची ताकद मला माहीत होती, येवाजीचे वजन डोळ्यांना दिसत होते, आणि पाण्यापासून झोळाची उंची अजून दीड पुरुष उरली होती. तासाभरानंतर ती उरली नसती.

"अर्ध्या तासाचे काम आहे," मी स्वतःशी म्हणालो तसे मोठ्याने म्हणालो. "त्याला आणू, आणि मग मोजणी सुरू करू. धाकल, चरखीला लाग."

धाकल जागचा हालला नाही.

"धाकल!"

"ऐकलं, सायेब. मी हात लावणार नाय."

"का?"

"नाय."

"हा माझा हुकूम आहे."

"हुकूम कळला," तो शांतपणे म्हणाला. मग चरखीपासून लांब एका खडकावर जाऊन, नदीकडे पाठ करून बसला आणि त्याने आपले दोन्ही हात बगलांत घट्ट दाबून धरले.

मला संताप आला. स्वतःच्या मुलीसमोर हा माणूस एका मजुराच्या लोभाने बसून राहतो! मी काहीतरी कडक बोलणार होतो, पण जिवलीने पुढे होऊन चरखीचा दुसरा दांडा धरला होता.

"त्याला बसू द्या तिथंच," ती म्हणाली. "तो उठला तर वाईट होईल."

मी ते भांडणाचे शब्द समजलो.

"तुला जमेल का? जड आहे."

"पाण्याच्या दोन हंड्यांपेक्षा जड हाय का?"

"हो."

"बघू."

रिकामा पाळणा धुक्यातून हलकेच गेला. पलीकडे येवाजीने तो धरला, आत चढला, कडेची साखळी लावली. त्याने इरले डोक्यावरून काढून पाठीला बांधले. आम्ही चरखी उलटी फिरवू लागलो. मध्यापर्यंत काहीच जड नव्हते. दोर स्वतःच त्याला आमच्याकडे आणत होता. जिवली दांडा फिरवता फिरवता पाळण्याकडे पाहून ओरडत होती, "धरून बस! वाकू नको! माकडासारखा काय बघतोस खाली!" तिचा एकही शब्द त्याच्यापर्यंत पोचत नव्हता.

मध्य ओलांडला आणि चढ सुरू झाला. प्रत्येक फेऱ्याला चरखीचा खटका दात्यावर टक् असा बसे, आणि तेवढा पाळणा आपला होई. माझे खांदे भरून आले. जिवली बोलायची थांबली होती. ओठ दाताखाली धरून सगळे अंग दांड्यावर टाकत होती. येवाजीचा चेहरा आता दुर्बिणीशिवाय दिसत होता. पंचवीस-तीस हात उरले असतील.

तेव्हा वरून ते झाड आले. मुळांसकट उपटलेला सादड. तो आडवा वाहत आला, खडकाला लागून फिरला आणि त्याची मुळे पाण्याबाहेर उंच उठली. त्यांतले एक पाळणा ओढणाऱ्या दोरात अडकले. दोर एकदम ताणला गेला. खटक्याचा दात तुटल्याचा आवाज मी नदीच्या आवाजातूनही ऐकला. दांडा उलटा फिरला, माझ्या डाव्या मनगटावर बसला आणि माझा हात सुटला.

जिवलीचा सुटला नाही. ती दांड्याला लोंबकळत होती आणि तिचे पाय चिखलातून पुढे घसरत चालले होते. पाळणा मागे, मध्याकडे, खाली जात होता. येवाजीचे पाय पाण्यात गेले. मग कमर.

"बा, तू नको!" ती किंचाळली. "तू नको येऊ!"

दोन हात माझ्या सुटलेल्या दांड्यावर आले. धाकलने आपली छाती चरखीच्या चौकटीला टेकवली आणि तो दांडा थांबवला. नुसता थांबवला, फिरवला नाही. माझी मोजणी त्या क्षणांना लागू नाही. पाण्याच्या रेट्याने झाड हळूहळू कलले, मूळ निसटले, आणि सादड आमच्यासमोरून निघून गेला. मग धाकलने दांडा फिरवायला सुरुवात केली. खटका नव्हता, एकदाही हात सोडता आला नसता. पाळणा जवळ येताच मी चांगल्या हाताने त्याच्या कडेची साखळी धरली. पाळणा तीराला लागला.

येवाजी उतरला तो थरथरत होता. पण उतरल्यावर त्याने पहिल्यांदा पाहिले ते चरखीकडे, आणि दांड्यावर कोणाचे हात आहेत ते. त्याचा चेहराच पडला.

"मामा," तो म्हणाला, "तुमी कशाला हात लावला?"

मला वाटले, थंडीने त्याला काही सुचत नाही.

"नसता लावला तर गेला असतास," मी म्हणालो.

"पण आवणी गेली ना!"

"वाहून गेला असतास तर मूठ कुणी लावली असती? तुझ्या भुतानं?" धाकल खेकसला. मग तो खाली बसला आणि स्वतःच्या तळव्यांकडे बघत राहिला. तळवे सोलले होते. "झालं. गेली."

"काय गेले?" मी विचारले. "तो आला आहे. दिवस शिल्लक आहे. शेत समोर आहे."

जिवलीने सांगितले, तेही माझ्याकडे न पाहता.

"सेवा त्यानं एकट्यानं पुरी करायची असते, सायेब. सासऱ्यानं त्याच्यासाठी हात लावायचा नाय. औत जुंपून द्यायचं नाय, आवण उचलून द्यायचं नाय, काय नाय. सासऱ्याचा हात लागला की ती आवणी सासऱ्याची. जवायाची नाय."

मी धाकलकडे पाहिले. बगलांत दाबलेले ते हात मला पुन्हा दिसले, आणि या वेळी सरळ दिसले.

"मला हे आधी का सांगितले नाही?"

"तुमी 'का' इचारलं," धाकल म्हणाला, "पण असं इचारलं, जसं चोराला इचारतात."

मी दुसरा मार्ग सुचवला. "इथे आपण चौघेच होतो. मी कोणालाही सांगणार नाही."

तिघांनीही माझ्याकडे अशा नजरेने पाहिले, की जणू मी नदीला उलटे वाहायला सांगत होतो.

"कारभारी इचारतात," येवाजी हळूच म्हणाला. "आवण हातात देऊन इचारतात. कणसरी हातात असल्यावर खोटं कसं बोलायचं?"

कणसरी म्हणजे त्यांची धान्याची देवता. देवळात नसते, रोपात असते.

बाराची नोंद घेऊन मी त्यांच्यामागोमाग शेतावर गेलो. मनगट सुजले होते. जिवलीने आपल्या डोक्याचे फडके फाडून बांधून दिले होते. चरखीचा खटका तुटल्यामुळे त्या दिवसापुरती मोजणी संपली होती.

मोहपाड्याची ती खाचरे उतारावर पायऱ्यांसारखी होती. वरची सगळी हिरवी झाली होती. नदीच्या बाजूचा एक शेवटचा तुकडा तेवढा तांबडा उरला होता. इरली पांघरून वाकलेल्या बायका रांगेत मागे सरकत होत्या. एकमेकींना टोमणे मारीत होत्या, आणि कुणीतरी सुरू केलेले गाणे दुसऱ्या टोकाची बाई मुद्दाम वेगळ्याच सुरात उचलत होती. दूरवर कुणीतरी बैल सोडत होते. मला आज ऐंशी वर्षे झाली आहेत. मी पुढे चार धरणांवर आणि दोन मोठ्या कालव्यांवर काम केले. पण हिरवा रंग म्हटला की मला ती ओली, नुकतीच उभी राहिलेली, वाऱ्यात अजून न सावरलेली रोपेच दिसतात.

येवाजी दिसताच सगळी रांग उभी राहिली. "आला रे आला!" "नदी पिऊन आला काय रे?" "पोट तर सपाट दिसतंय!" धाकलची बायको बुधीबाई चिखलातून धावत आली. तिने येवाजीच्या पाठीत एक जोरदार धपका घातला, आणि मग डोळे पुसले.

कारभारी मनाजी महाले बांधावर बसले होते. वस्तीतले सर्वांत वयस्कर, सगळे त्यांना मनाजीबाबा म्हणत. ते काठी टेकत उठले, शेवटच्या खाचरात उतरले आणि त्यांनी रोपांची एक जुडी धाकलच्या हातात दिली.

"धाकल. औत कोणी धरलं?"

"येवाजीनं."

"राब कोणी भाजला?"

"येवाजीनं."

"सासऱ्याचा हात लागला का कुठं?"

सगळ्या शेताला उत्तर माहीत होते. दरवर्षी 'नाय' म्हणायचे आणि पुढे जायचे. काही बायका मूठ बघायला वाकल्यादेखील होत्या.

"लागला," धाकल म्हणाला.

वाकलेल्या बायका पुन्हा सरळ झाल्या. धाकलने जे घडले ते चार वाक्यांत सांगितले. त्यात त्याने स्वतःसाठी एकही शब्द घातला नाही. मनाजीबाबांनी डोळे मिटले. जिवली चिखलात उभी होती तशीच उभी राहिली. येवाजीने तिच्याकडे पाहायचे टाळले. धाकलचा एक भाऊ दुसऱ्याच्या कानाशी लागला. त्यांच्या डोळ्यांपुढे धरमपूरचा पाहुणा होता, हे मला दिसत होते.

"हात लागला तर..." मनाजीबाबांनी सुरुवात केली.

"कोणाचा हात?"

बुधीबाई पुढे आली होती. कमरेवर हात, कपाळावरून पाणी निथळत होते.

"ह्याचा? ह्याचा हात पावसाळ्यात माझ्या घरात असतो तरी का? दोन महिने झाले, सरपणाची काडी उचलली नाय ह्यानं. कौल फुटलं, मी चढले. बैल चिखलात रुतला, मी काढला. 'जातो गं, सरकारचं काम हाय, सरकारची चरखी हाय.' सकाळी जातो तो सांजच्याला येतो. हात सरकारला देऊन आलाय हा! मला नाय मिळाला तो हात, मंग जवायाला कुठनं मिळाला?"

कुणीतरी खुसकन हसले. मनाजीबाबा हसले नाहीत. त्यांनी धाकलच्या हातातली जुडी काढून घेतली आणि ती माझ्यापुढे धरली.

"सायेब, चपला काढा. खाली या."

मी उतरलो. चिखल घोट्यापर्यंत आला, गार आणि मऊ. रोपांची जुडी मी चांगल्या हातात धरली. मुळांतून पाणी माझ्या कोपरापर्यंत ओघळले.

"आता बोला. आज धाकलचा हात कोणाचा होता?"

मला नेमके बोलायची सवय होती, आणि त्या वेळी तिच्याशिवाय माझ्याजवळ दुसरे काही नव्हते.

"सकाळी आठपासून संध्याकाळी पाचपर्यंत धाकल शासनाच्या कामावर आहे. पाळणा सोडायचा निर्णय माझा. चरखी ओढायचा हुकूमही मी दिला होता."

"त्यानं पाळला?"

इथे 'हो' म्हणून थांबता आले असते. हातात रोपे होती.

"आधी नाही म्हणाला. मग पाळला."

"उशिरा?"

"उशिरा."

"माणूस नदीवरनं सरकारनं ओढला, हे तुमी तुमच्या वरच्या सायबाला सांगाल?"

"लेखी सांगेन."

"तुमाला बोलणी बसतील."

"बसतील."

मनाजीबाबा रांगेकडे वळले. तो निर्णय एकट्या कारभाऱ्याचा नसे. "काय रे? हात सासऱ्याचा का सरकारचा?"

मागून, बैल सोडत असलेल्या एका म्हाताऱ्याने ओरडून सांगितले, "उशिरा आला ना? मंग सरकारचाच!"

सगळे खाचर हसले. बायका एकमेकींच्या अंगावर पडून हसल्या. धाकलच्या भावालाही हसू आवरले नाही, आणि एकदा हसल्यावर त्याला विरोध करता येईना. मनाजीबाबांच्या तोंडावर पहिल्यांदाच दात दिसले, दोनच होते.

"सरकारला लग्नाला बोलवा म्हणजे झालं," ते म्हणाले. "लाव, येवाजी."

येवाजीने माझ्या हातातून जुडी घेतली. तो त्या तांबड्या तुकड्याच्या कोपऱ्यात वाकला आणि रोपे एकेक करून चिखलात रोवू लागला.

"वाकडी लावतोय," जिवली म्हणाली.

"तुझा बा तरी सरळ लावतो का?"

"बाचं नाव नको घेऊ. तो सरकारी हाय."

धाकलने पाठ फिरवली होती. तो नदीकडे बघत होता, आणि त्याचे सोललेले हात दोन्ही बाजूंना मोकळे सुटले होते.

पुराचे शिखर दुपारी दोनच्या सुमारास येऊन गेले. त्याचा विसर्ग कोणी मोजला नाही. मी अहवाल लिहिला, जसे घडले तसा. वरिष्ठांनी ठपका दिला. तो योग्य होता आणि मी तो मान्य केला. पुढच्या वर्षी माझी बदली तापीकाठी झाली. जाण्यापूर्वी, फाल्गुनात, मी त्या लग्नाला गेलो. मांडवात मला धाकलशेजारी बसवले आणि पहिली पत्रावळ माझ्यापुढे मांडताना बुधीबाई म्हणाली, "वाढा, सरकारला वाढा." जिवली आणि येवाजी नंतर सादडविहिरीला, त्याच्या आईकडे राहायला गेले.

पण तो पुढचा भाग. त्या दिवशी, पाऊस थोडा उघडला होता आणि नदीवरचे धुके वर चढत होते. शेवटचे रोप रोवून झाल्यावर येवाजी उभा राहिला. मनाजीबाबांनी काठी चिखलात रोवली, सगळ्या पाड्याला ऐकू जाईल एवढ्याने खाकरून घसा साफ केला, आणि येवाजी गाविताच्या नावावर धरलेल्या आवण्या सांगितल्या : तीन.